पांडुरंग खानखोजे: वर्ध्याचा क्रांतिकारक मेक्सिकोत मक्याची लग्नं का लावत होता?

नागपुरात पावसाळा लागला की फुटाळा तलावाच्या काठी भुट्ट्याच्या गाड्या दिसायला लागतात. पुढच्या वेळी भुट्टा घ्याल तेव्हा लिंबू-मीठ चोळायच्या आधी अर्धा मिनिट तो नीट बघा. तीन गोष्टी दिसतील. पहिली, वरची पानं सोलताना हाताला चिकटणारे ते लांब केस. दुसरी, दाण्यांच्या ओळी. मोजून बघा, जवळजवळ नेहमीच सम संख्या येईल: १२, १४, १६. तिसरी, कधी कधी मधेच दाणा नसतो, नुसती रिकामी जागा असते.

या तिन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे: मक्याला पिल्लं कशी होतात, हा प्रश्न. आणि या प्रश्नावर ज्याने कितीतरी वर्षं काम केलं असा एक माणूस आपल्याच भागातला आहे. तो वर्ध्यात जन्मला, नागपुरात वारला आणि मधली चाळीसहून जास्त वर्षं त्याला देशात पाय ठेवता आला नाही. मेक्सिकोतल्या एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर त्याचं चित्र आजही आहे. नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

त्यांची गोष्ट समजायला आधी मका समजून घ्यावा लागतो. ते दोन मिनिटांचं काम आहे.

एक केस, एक दाणा

बहुतेक फुलांमध्ये नर आणि मादी भाग एकाच फुलात असतात. जास्वंद बघा, कापूस बघा, एकाच फुलात दोन्ही. मक्याने मात्र दोन वेगळ्या खोल्या केल्या आहेत. झाडाच्या डोक्यावर जो तुरा येतो तो नर. खाली खोडाच्या बगलेत जे कणीस धरतं ते मादी.

तुऱ्यातून लाखो परागकण हवेत सुटतात. हे वायफायच्या राउटरसारखं आहे. राउटर सिग्नल चारी बाजूंना सोडतो, कोण पकडणार हे त्याला माहीत नसतं. पकडायचं काम ते केस करतात. कणसाच्या आत दाणा होऊ शकणारी प्रत्येक जागा म्हणजे एक बीजांड, आणि प्रत्येक बीजांडातून एक केस निघून कणसाच्या टोकातून बाहेर येतो. एका केसाला एकच दाणा. साधारण कणसात ४०० ते ८०० दाणे असतात, म्हणजे तितके केस यशस्वी झालेले असतात.

परागकण केसावर पडला की तिथे रुजतो. त्याच्यातून एक बारीक नळी निघते आणि केसाच्या आतून खाली वाढत जाते. वाट कधी कधी वीतभर लांब असते, पण साधारण एका दिवसात ती बीजांडापर्यंत पोचते. या नळीतून दोन नर पेशी जातात. एक बीजांडातल्या अंडपेशीशी जुळते आणि त्यातून नवीन रोपाचा गर्भ तयार होतो. दुसरी शेजारच्या पेशीशी जुळते आणि त्यातून गर्भाचा डबा तयार होतो, म्हणजे आपण चावून खातो तो पिठूळ भाग. दोन लग्नं एकाच मांडवात.

आता रिकामी जागा कळली? त्या केसावर परागकण पडलाच नाही, किंवा पडला पण पोचला नाही. गच्चीवर हौसेने मक्याचं एकच झाड लावलं तर कणीस बोडकं येतं ते याच कारणाने. वारा पराग उडवून घेऊन जातो आणि केस वाट बघत बसतात. मका म्हणून एका लांब ओळीत लावण्यापेक्षा चार-पाच आखूड ओळींच्या चौकोनात लावायचा.

सम संख्येचं कोडं तर याहून सोपं आहे. कणसावर मादी फुलं जोडीजोडीने धरतात. प्रत्येक जोडी दोन ओळी देते, म्हणून बेरीज सम.

एवढं डोक्यात ठेवा आणि चला वर्ध्याला.

दुष्काळात वाढलेला मुलगा

खानखोजेंचा जन्म १८८४ सालचा, वर्ध्याचा. लहानपण वर्ध्यात गेलं, पुढचं शिक्षण नागपुरात. त्या वेळचा हा मुलूख म्हणजे इंग्रजांचा मध्य प्रांत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ या भागाने लागोपाठ बघितले. दुसरा तर लोकांच्या बोलण्यात छप्पनचा दुष्काळ म्हणून राहिला. खानखोजे तेव्हा बारा ते सोळा वर्षांचे होते. भूक म्हणजे काय, हे त्या पिढीला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

तरुण झाल्यावर डोक्यात शेती नव्हती, बंदूक होती. टिळकांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. इंग्रजांना घालवायचं तर लढायला शिकलं पाहिजे आणि लढायला शिकायचं तर देशाबाहेर गेलं पाहिजे, असा त्या काळच्या बऱ्याच तरुणांचा हिशोब होता. १९०६ च्या आसपास खानखोजे बाहेर पडले. आधी जपान, मग अमेरिकेचा पश्चिम किनारा.

योगायोग बघा, नागपूरचं कृषी महाविद्यालय सुरू झालं तेही १९०६ मध्येच. पुढे जन्मभर शेतीशास्त्र करणारा माणूस, शेतीचं कॉलेज गावात येत असताना गाव सोडून चालला होता.

एका हातात शेतीची डिग्री, दुसऱ्या हातात बंदूक

अमेरिकेत त्यांनी दोन्ही गोष्टी सोबत केल्या. शेतीच्या शिक्षणासाठी नाव घातलं आणि कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपाइस मिलिटरी अकॅडमीत लष्करी शिक्षणही घेतलं. पुढे वॉशिंग्टन स्टेट कॉलेजमध्ये शेतीशास्त्र शिकले.

तो काळ शेतीशास्त्रासाठी फार गरम होता. मेंडेल नावाच्या पाद्र्याने वाटाण्यावर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम १८६६ मध्येच छापले होते, पण पुढची ३४ वर्षं ते जवळजवळ कुणी वाचलेच नाहीत. १९०० मध्ये ते पुन्हा सापडले आणि शेती कॉलेजांमध्ये धमाल उडाली. आईबापांचे गुण पोरांत कसे वाटले जातात याचं गणित मांडता येतं, हे तेव्हा नुकतंच कळलं होतं. वॉशिंग्टनच्या याच कॉलेजात स्पिलमन नावाच्या प्राध्यापकाने गव्हावर काम करताना मेंडेलसारखेच नियम स्वतंत्रपणे शोधले होते. १९०८ मध्ये शल या शास्त्रज्ञाने मक्याच्या संकराबद्दल महत्त्वाचं काम छापलं, ते पुढे बघूच. थोडक्यात, आज एखाद्याने एआय शिकायला जावं तसे खानखोजे अगदी योग्य वेळी योग्य विषयात पोचले होते.

पण मन तिकडे नव्हतं. पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर पंजाबी मजूर राबत होते. त्यांना संघटित करायच्या कामात खानखोजे पडले. त्यातूनच पुढे गदर पार्टी उभी राहिली. १ नोव्हेंबर १९१३ ला सॅन फ्रान्सिस्कोहून गदर या पत्राचा पहिला अंक निघाला. पार्टीत खानखोजेंचं काम लढाऊ बाजूचं होतं. शेतांवर त्यांची मेक्सिकन मजुरांशीही ओळख झाली. मेक्सिकोत १९१० मध्ये क्रांती सुरू झाली होती, आणि ती जमिनीसाठी होती. ही ओळख पुढे कामी येणार होती, हे तेव्हा त्यांनाही माहीत नसणार.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. गदरचे लोक उठाव करायला भारताकडे निघाले. उठाव फुटला. नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात सात जण फासावर गेले. त्यांत १९ वर्षांचा करतारसिंग सराभा होता आणि पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळेही होता.

खानखोजे दुसऱ्या वाटेने गेले. तुर्कस्तानमार्गे इराणमध्ये पोचले आणि तिथे इंग्रजांच्या फौजेविरुद्ध लढले. तीही लढाई हरली. युद्ध संपलं, खानखोजे वाचले, पण परतीची वाट बंद झाली होती. भारतात पाऊल टाकलं की अटक. काही वर्षं युरोपात गेली. १९२१ मध्ये भारतीय क्रांतिकारकांच्या एका गटासोबत ते मॉस्कोलाही जाऊन आले. तिथूनही सैन्य काही मिळालं नाही.

वय चाळिशीला टेकलं होतं. देश नाही, सैन्य नाही, पैसा नाही. हातात उरली होती ती शेतीची डिग्री. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत उतरले.

मक्याच्या माहेरी

मेक्सिको म्हणजे मक्याचं माहेर. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी टेओसिंटे नावाच्या एका रानगवतापासून मका घडवला. टेओसिंटेचं कणीस बोटाएवढं, त्यात मोजून पाच ते बारा दाणे आणि प्रत्येक दाण्यावर दगडासारखं कवच. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जरा बरी कणसं बाजूला काढून तीच पेरली आणि त्यातून आजचा भुट्टा तयार झाला. किंमतही मोजावी लागली. मक्याचे दाणे कणसाला इतके घट्ट चिकटलेले असतात आणि वरून पानांत गुंडाळलेले असतात की माणसाने सोलून पेरल्याशिवाय त्याचा वंश पुढे जातच नाही. माणूस नसेल तर मका काही वर्षांत संपेल.

खानखोजेंना मेक्सिको शहराजवळच्या चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवण्याचं काम मिळालं. ही जागाही मजेशीर आहे. चापिंगो आधी एका माजी राष्ट्राध्यक्षाची जहागीर होती. क्रांतीनंतर सरकारने तिथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा आणली. तिथल्या जुन्या प्रार्थनागृहाच्या भिंती दिएगो रिवेरा हा प्रसिद्ध चित्रकार त्याच वर्षांत रंगवत होता.

चापिंगो समुद्रसपाटीपासून सुमारे २,२५० मीटर उंचावर आहे, महाबळेश्वरपेक्षाही कितीतरी वर. तिथल्या शेतकऱ्याचे दोन शत्रू: पाऊस उशिरा येतो आणि कडाका लवकर पडतो. मधल्या खिडकीत पीक बसवायचं. पाण्याचा ताण सोसणारी, थंडीत टिकणारी वाणं हवीत, या प्रश्नावर खानखोजे भिडले. मक्यासोबत गहू आणि कडधान्यांवरही त्यांनी काम केलं. १९३० मध्ये मक्याच्या नव्या वाणांबद्दलचं त्यांचं काम पुस्तिकेच्या रूपात छापून आलं.

पाण्याचा ताण आणि भुट्ट्यातली रिकामी जागा यांचा थेट संबंध आहे. केस बाहेर पडायला भरपूर पाणी लागतं. पाऊस दडला की केस उशिरा निघतात, पण वरचा तुरा मात्र जवळजवळ वेळेवरच फुटतो. पराग उडून संपतो, मग केस बाहेर येतात. नवरदेव येऊन गेला, नवरीची तयारीच चालू. म्हणून ऐन तुऱ्याच्या वेळी आठवडाभर पाणी नाही मिळालं तर झाड हिरवंगार दिसूनही कणीस रिकामं निघतं. ताण सोसणारं वाण शोधायचं तर ज्या झाडात तुरा आणि केस यांच्यातलं अंतर कमी, ते झाड पकडायचं. पुढे चापिंगोपासून जवळच १९६६ मध्ये मका आणि गव्हाचं मोठं आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र उभं राहिलं, तिथल्या शास्त्रज्ञांनी नेमका हाच आकडा मोजून दुष्काळात तग धरणारा मका निवडला.

नवीन वाण बनवायचं म्हणजे नक्की काय करायचं?

लॅब वगैरे डोळ्यासमोर आणू नका. मक्यात दोन झाडांचं लग्न लावायला लागतात फक्त कागदी पिशव्या, पेन्सिल आणि धीर.

कणसातून केस बाहेर यायच्या आधीच त्यावर पिशवी बांधायची, म्हणजे वाऱ्याचा कुठलाही पराग बसणार नाही. ज्या झाडाचा बाप म्हणून उपयोग करायचा त्याच्या तुऱ्यावर दुसरी पिशवी. सकाळी तुरा हलवला की पिशवीत पिवळी भुकटी जमते. ती नेऊन पहिल्या झाडाच्या केसांवर शिंपडायची, लगेच पिशवी पुन्हा बांधायची आणि त्यावर आई कोण, बाप कोण, तारीख काय ते लिहायचं. झालं.

मक्यात नर वर आणि मादी खाली आहे म्हणून हे इतकं सोपं. कापसात किंवा गव्हात तेच करायचं तर उमलायच्या आधी प्रत्येक फुलातले पुंकेसर हाताने खुडून टाकावे लागतात. फूल डोळ्याला लावून करायचं काम आहे ते.

खरं काम लग्नानंतर सुरू होतं. दाणे पेरायचे, वाढलेली झाडं मोजायची, थंडीत मेलेली सोडून द्यायची, टिकलेल्यांतून पुन्हा निवडायची. असं वर्षानुवर्षं. आपल्याकडे कोड लिहिलं की टेस्ट पाच मिनिटांत चालते. इथे एक टेस्ट चालायला एक हंगाम लागतो, आणि गारपीट झाली तर तेही वर्ष गेलं.

मेक्सिकोचा मका बघितला तर अजून एक मजा कळते. तिथे एकाच कणसात पिवळे, जांभळे, पांढरे दाणे असतात. आंब्याच्या झाडावर शेजारच्या झाडाचा पराग आला तरी आंबा तसाच निघतो, कारण गर आईच्या शरीराचा असतो. मक्यात आपण खातो तो भाग मघाच्या दुसऱ्या लग्नातून आलेला असतो, म्हणून त्यात बापाचा रंगही लगेच दिसतो. प्रत्येक केसावर वेगळ्या झाडाचा पराग पडू शकतो. म्हणजे एक कणीस हे एका आईचं आणि कितीतरी बापांचं कुटुंब आहे.

बियाणं कुणाचं? शाळा कुणाची?

इथपर्यंत खानखोजे म्हणजे एक चांगला शास्त्रज्ञ. त्यांचं वेगळेपण पुढे आहे. कॉलेजच्या शेतात चांगलं वाण तयार झालं म्हणजे काम संपलं, असं त्यांनी मानलं नाही. मेक्सिकोत त्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा उभ्या केल्या. त्यांतल्या एका शाळेला एमिलियानो झपाटा यांचं नाव होतं. झपाटा म्हणजे भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून लढलेला आणि १९१९ मध्ये दगा देऊन मारला गेलेला मेक्सिकन क्रांतीतला नेता.

हे का महत्त्वाचं? क्रांतीने जमीन वाटली तरी हातात आलेल्या तुकड्यावर काय पेरायचं, बी कुठून आणायचं, कुठलं कणीस पुढच्या वर्षासाठी राखायचं हे कळलं नाही, तर तो शेतकरी पुन्हा सावकाराच्या दारात. कागदी पिशवीचं तंत्र शेतकऱ्याला शिकवलं तर मात्र निवड त्याच्या हातात राहते. अमेरिकेत मजुरांना बंदुकीसाठी गोळा करणारा माणूस इथे मजुरांना बियाण्यासाठी गोळा करत होता. माणसं तीच, भूक तीच, फक्त हत्यार बदललं होतं.

या कामाचे साक्षीदारही साधे नव्हते. टीना मोदोत्ती ही जगप्रसिद्ध छायाचित्रकार तेव्हा मेक्सिकोत होती. तिने या शाळांचे आणि खानखोजेंच्या मक्याचे फोटो काढले. दिएगो रिवेराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर १९२८ मध्ये एक चित्र काढलं. लांब टेबल, भोवती वेगवेगळ्या वंशाची, गोरी-सावळी माणसं आणि मुलं, मधोमध बसलेला एक माणूस भाकरी तोडून वाटतोय. तो माणूस खानखोजे. चित्राचं नाव मराठीत सांगायचं तर आमची भाकरी. कुठल्याही विदर्भातल्या घरात टांगावं असं चित्र, पण ते आहे सातासमुद्रापार.

१९३६ मध्ये खानखोजेंनी मूळच्या बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी लग्न केलं. त्यांना दोन मुली झाल्या.

ज्या गोष्टीने प्रश्न बदलला: हायब्रिड

आता मघाशी बाजूला ठेवलेल्या शलकडे येऊ. मक्याच्या एकाच झाडाचा पराग त्याच झाडाच्या केसांवर टाकत राहिलं तर काही पिढ्यांत झाडं खुजी आणि कमजोर होतात. पण अशा दोन वेगळ्या कमजोर घराण्यांचं लग्न लावलं तर पोरं दोन्ही आईबापांपेक्षा धिप्पाड निघतात. सगळी एकसारखी, एकाच उंचीची. हाच तो हायब्रिड मका.

पण यात एक मेख आहे. त्या धिप्पाड पोरांचं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर पत्ते पुन्हा पिसले जातात. एक झाड उंच, एक बुटकं, एकाला मोठं कणीस, एकाला नाही. उत्पन्न पडतं. म्हणून शेतकऱ्याला दर वर्षी नवीन पाकीट घ्यावं लागतं. मोबाइलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर जुनं सरळ वाण म्हणजे एकदा डाउनलोड केलं की कॉपी करून शेजाऱ्याला देता येणारी फाइल, आणि हायब्रिड म्हणजे दर वर्षी रिचार्ज मागणारं सबस्क्रिप्शन. यात कुणी कुलूप घातलेलं नसतं, झाडाची आनुवंशिकताच कुलपाचं काम करते.

हे विदर्भाला वेगळं समजवायची गरज नाही. कापसाचं पहिलं व्यापारी हायब्रिड १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून आलं. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि भारतात तो बहुतेक हायब्रिडच्या रूपातच पसरला. जूनमध्ये पहिला पाऊस पडायच्या आधी बियाण्याच्या पाकिटांसाठी कृषी केंद्रांसमोर लागणाऱ्या रांगा ज्यांनी बघितल्या आहेत, त्यांना हा रिचार्ज किती महाग पडतो ते माहीत आहे. २००१ च्या कायद्याने भारतातल्या शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा आणि दुसऱ्याला द्यायचाही हक्क दिला आहे. पण हक्क असला तरी हायब्रिडचं राखलेलं बी दगा देतं.

म्हणजे हायब्रिड वाईट का? तसं नाही. उत्पन्न खरंच वाढतं, आणि पोट भरायचं तर उत्पन्न हवंच. मुद्दा एवढाच की पाकिटात काय आहे आणि ते दुसऱ्या वर्षी का चालत नाही हे शेतकऱ्याला माहीत असणं आणि नसणं, यात फार मोठा फरक आहे. माहीत असेल तर कुठे हायब्रिड लावायचं आणि कुठे सरळ वाण राखायचं, हे तो स्वतः ठरवतो. खानखोजेंच्या शाळांचं मोल मला इथे कळतं. नवीन वाण दोन-चार दशकांत जुनं होतं. निवडायची अक्कल एकदा शिकलेला माणूस ती पोरांना देऊन जातो.

परत नागपूर

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. ज्या स्वातंत्र्यासाठी घर सोडलं ते मिळालं, पण खानखोजेंना यायला लगेच परवानगी मिळाली नाही. इंग्रजांनी बंदी घातलेल्या लोकांच्या यादीत त्यांचं नाव होतं, आणि इंग्रज गेले तरी यादी फायलीत तशीच राहिली होती. स्वतंत्र भारताच्या सरकारने स्वातंत्र्यसैनिकालाच व्हिसा नाकारला. जुना डेटा साफ न करता नवीन सिस्टीम चालू केली की काय होतं, याचं याहून कडू उदाहरण सापडणं कठीण. नंतर ती चूक दुरुस्त झाली. खानखोजे आले आणि पुढे नागपुरात स्थायिक झाले.

ज्याने गाव सोडलं तेव्हा मध्य प्रांतावर इंग्रजांचा झेंडा होता, तो परत आला तेव्हा पासष्टीच्या आसपासचा म्हातारा होता. इथे त्यांना ओळखणारे फार कमी उरले होते. गदरच्या इतिहासात पंजाबची नावं पुढे आली आणि शेतीच्या इतिहासात मेक्सिको म्हटलं की नॉर्मन बोरलॉग यांचं नाव येतं. बोरलॉग मेक्सिकोत गव्हावर काम करायला आले १९४४ मध्ये, म्हणजे खानखोजेंनंतर २० वर्षांनी. त्यांचं काम प्रचंड मोठं आहे, १९७० चं नोबेल त्यांना मिळालं ते उगीच नाही. पण त्यांच्याआधी त्याच पठारावर एक वर्ध्याचा माणूस थंडीत टिकणारी झाडं निवडत होता, हेही आपल्याला माहीत असायला हवं.

१९६५ आणि १९६६ अशी दोन वर्षं भारतात पाऊस रुसला. अमेरिकेहून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांवर देश जगत होता. त्यावर उपाय म्हणून १९६६ मध्ये सरकारने एकदम १८,००० टन बियाणं परदेशातून मागवलं. ते होतं मेक्सिकोच्या बुटक्या गव्हाचं. त्याच बियाण्यातून उत्तर भारतात हरितक्रांती उभी राहिली. ज्या देशात खानखोजेंनी शेतकऱ्यांना बी निवडायला शिकवलं, त्या देशातून बी आपल्याकडे आलं, तेव्हा खानखोजे नागपुरात होते. २२ जानेवारी १९६७ ला त्यांचं निधन झालं. ते पेरलेलं पीक तेव्हा पंजाबच्या शेतांत उभं होतं.

त्यांच्याबद्दल अजून वाचायचं असेल तर दोन पुस्तकं आहेत. त्यांची मुलगी सावित्री साहनी यांनी इंग्रजीत चरित्र लिहिलं आहे, आणि मराठीत वीणा गवाणकर यांनी. ‘एक होता कार्व्हर’ तुम्ही वाचलं असेल तर लेखिका ओळखीची आहे.

आणि घरी एक छोटा प्रयोग करा. शेतावरून मिळालेले देशी मक्याचे १५-२० दाणे कुंड्यांत किंवा अंगणात चौकोनात लावा. एका कणसावर केस निघायच्या आधी कागदी पिशवी बांधा आणि ती काढूच नका. शेजारच्या कणसाला तसंच मोकळं सोडा. दोन-अडीच महिन्यांनी दोन्ही सोलून बघा. पिशवीतल्या कणसात दाणे का नाहीत, हे आता तुम्ही कुणालाही समजावून सांगू शकाल.